नरलांडग्यांचा उठाव: सूत्रं पोलिसांकडे, लष्कराकडे की आरोग्य खात्याकडे?

नरलांडग्यांच्या, म्हणजे पौर्णिमेच्या रात्री लांडगा होणाऱ्या माणसांच्या, हिंसक उठावावर कथा किंवा गेम रचायला बसलं की पहिला पेच पडतो तो सरकारतर्फे कोणाला पुढे करायचं याचा. बहुतेक जण डोळे झाकून लष्कराला पुढे करतात. रणगाडे दिसतात झकास, पण पौर्णिमेला रूप पालटणाऱ्या शत्रूपुढे ते कितपत टिकतात ते पाहू.

लष्कराकडे मनुष्यबळ आहे, रात्री दिसणारे थर्मल कॅमेरे आहेत, रस्ते तोडून अख्खं शहर अलग पाडायची ताकद आहे. एका रात्रीपुरतं त्यांच्यासारखं कोणी नाही. कथांमध्ये नरलांडगा चांदीच्या गोळीने मरतो, पण त्या गोळ्यांचं मात्र विसरा. शिसं ३२७ अंशांना वितळतं, चांदीला ९६२ अंश सेल्सियस लागतात. शिवाय ती शिशापेक्षा कडक आणि वजनाला किंचित हलकी. म्हणजे नवी गोळी बनवा, प्रत्येक बंदुकीतून तपासून घ्या, मग वाटप करा. तोवर दोन-तीन पौर्णिमा सहज उलटतील.

खरी गोची पहाटेची आहे. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्ताला उगवतो आणि सूर्योदयाच्या सुमारास मावळतो. रात्रभर ज्याच्यावर गोळ्या झाडल्या, तो सहा वाजता उघडावाघडा, थंडीने कुडकुडणारा माणूस होऊन नाल्यात पडलेला सापडणार. १९४९च्या जिनिव्हा करारांचं सामायिक कलम ३ देशांतर्गत सशस्त्र संघर्षालाही लागू होतं, आणि लढण्याच्या स्थितीत न उरलेल्याला माणुसकीने वागवा असं ते बजावतं. आता बंदूक रोखून उभ्या असलेल्या जवानाने करायचं काय? तुमच्या कथेतला सगळ्यात जोरदार प्रसंग इथेच आहे, असं माझं मत.

फ्रान्समधल्या जेव्होदाँचं उदाहरणही लष्कराच्या बाजूने जात नाही. १७६४ पासून तिथे एक श्वापद माणसं मारत होतं. घोडेस्वार सैनिकांनी रान तुडवलं, हाती काही लागलं नाही. राजा पंधराव्या लुईच्या माणसाने मोठा लांडगा मारला, तरी बळी जातच राहिले. १७६७ साली ज्याँ शास्तेल या त्याच मुलखातल्या शिकाऱ्याने एक जनावर टिपलं, तेव्हा कुठे ते थांबलं.

कथांमध्ये नरलांडगा ज्याला चावतो तोही नरलांडगा होतो, म्हणून आरोग्य खात्याची गरज चाव्यानंतर लागते. रेबीजचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा: चावा आणि लक्षणं यांच्यामध्ये बहुधा काही आठवडे, कधी महिने जातात, म्हणूनच चावल्यानंतर दिलेली लस उपयोगी पडते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरने १८८५ साली ती माणसावर वापरली. नरलांडग्याच्या चाव्यालाही असा अवधी असेल तर विलगीकरण आणि तपासणी हेच मोठं हत्यार. पण गुंगीच्या डार्टवर भिस्त नको. औषध चढायला काही मिनिटं जातात, चवताळलेल्या जनावरात आणखी वेळ. त्यातही मोठ्या प्राण्यांना वापरतात ते एटॉर्फिन अगदी थोडं शरीरात गेलं तरी माणसाच्या जिवावर बेतू शकतं. पहाटे तो माणूस झाला की तोच डोस त्याचा घात करेल.

राहिले पोलीस. समोरासमोरच्या झटापटीत ते उणे पडतील, यात शंका नाही. तरी दोन पौर्णिमांमध्ये साडेएकोणतीस दिवस असतात, आणि त्यातले बहुतेक दिवस हे लोक माणसंच असतात: भाड्याने राहतात, फोन करतात, पैसे गोळा करतात. उठावाचा कट याच काळात शिजतो. खबरे, पाळत, अटक, संचारबंदी हे सगळं पोलिसी काम. तारीख दोन्ही बाजूंना ठाऊक असल्याने तयारीही दोन्हीकडे होणार. त्यात हिवाळ्यातली पौर्णिमा निवडली तर बंडखोरांना लांबलचक रात्र मिळते.

मला विचाराल तर सूत्रं पोलिसांकडे द्या, लष्कर त्या रात्रीच्या वेढ्यापुरतं बोलवा आणि आरोग्य पथकं पहाटेपासून कामाला लावा. मात्र तुमचे नरलांडगे चंद्राविनाच, मनात येईल तेव्हा रूप बदलणारे असतील, तर हा हिशेब कोसळतो. मग पहाट त्यांना थांबवत नाही, पोलिसांना मिळालेली उसंतही जाते आणि लष्कराला पर्याय उरत नाही.