नगरपरिषदेचे विकासकामांचे अपडेट : वर्षभर वाचल्यानंतरचा अनुभव

आमच्या नगरपरिषदेने २०२५ च्या सुरुवातीला व्हॉट्सॲपवर स्वतःचं चॅनेल काढलं. आठवड्याला एखाददुसरा मेसेज येतो. कुठल्या प्रभागात कसलं काम, कुठल्या योजनेतून, किती रकमेचं आणि सध्या कुठवर आलंय, एवढीच माहिती असते. आमचं कोकण किनाऱ्यावरचं छोटं शहर आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या एकाच कार्यालयाच्या माथी मारणं बरोबर होणार नाही. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची खानावळ आहे. पाणी, गटार आणि रस्ता यांतलं एक जरी बिघडलं तरी दुपारच्या जेवणाला गिऱ्हाईक फिरकत नाही. त्यामुळे हे चॅनेल मी सुरू झाल्यापासून नेमाने वाचत आलेय.

चॅनेल जरूर घ्या. पण मेसेज वाचून पुढे सरकणार असाल तर फारसा उपयोग नाही. आजच्या मेसेजपेक्षा सहा महिन्यांपूर्वीचा, तारखेसकट जपून ठेवलेला मेसेज जास्त कामाला येतो, हे मला आमच्या गल्लीच्या खोदाईने शिकवलं.

आधी मेसेज वाचायचा कसा ते सांगते. आमच्याकडे निधी मंजूर झाला की लोक काम झाल्यातच जमा धरतात, आणि महिन्याभरात काही दिसलं नाही की पैसे खाल्ले म्हणून मोकळे होतात. शेजारी मालवणहून येऊन स्थायिक झालेले अण्णा आहेत. ते मला दारातून विचारायचे, “वहिनी, निधी इलो म्हणतत, मगे रस्तो खंय गेलो?” त्यांचं चुकत नव्हतं. मंजुरीपासून खडी पडेपर्यंत किती पायऱ्या असतात हे मेसेजमध्ये कुणी लिहीतच नाही. आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, ती उघडून दर मान्य होणं, करारनामा आणि शेवटी कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश. पाण्याच्या योजनेचं अंदाजपत्रक तांत्रिक तपासणीसाठी बहुधा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे, म्हणजे राज्याच्या पाणीपुरवठ्याच्या संस्थेकडे जातं, तिथे वेळ लागतो. या सगळ्यात ठेकेदाराला मुदत लागू होते ती कार्यादेशापासून. म्हणून मेसेज आला की मी आधी कार्यादेशाची तारीख शोधते. ती नसेल तर काम अजून कागदावर आहे असं धरून चालते.

शासन निर्णयाचा उल्लेख असेल तर तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर मिळतो. प्रत्येक निर्णयाला लांबलचक संकेतांक असतो आणि त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. निर्णय कधीचा आहे हे पीडीएफ न उघडताही कळतं. त्यातही मान्यतेचा निर्णय वेगळा आणि निधी वितरणाचा वेगळा. वितरणाच्या निर्णयाला बहुतेक वेळा तक्ता जोडलेला असतो, त्यात आपल्या नगरपरिषदेसमोरची रक्कम बघायची. निविदा महाटेंडर्सवर, म्हणजे राज्य शासनाच्या निविदांच्या संकेतस्थळावर असते. काम किती रकमेचं, अर्जाची शेवटची तारीख कोणती हे तिथे पाहता येतं. सवय झाली की हे चहा पिता पिता होतं.

या चॅनेलवर मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे योजनेचं नाव. सुरुवातीला मी त्या ओळीकडे बघतही नव्हते. आता तीच आधी वाचते.

आमच्या बाजारात मागच्या उन्हाळ्यात मोठा वाद झाला. वित्त आयोगाचे, म्हणजे केंद्राच्या अनुदानाचे पैसे आलेत, मग किनाऱ्यावर जायचा रस्ता त्यातून का करत नाहीत? पर्यटक त्याच रस्त्याने येतात, पोट त्यावर आहे. मुद्दा रास्त होता. पण मेसेजमध्ये योजनेपुढे ‘बंधित’ असं लिहिलेलं होतं. पंधराव्या वित्त आयोगाचं २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांचं अनुदान आमच्यासारख्या लहान शहरांना दोन भागांत आलं. ४० टक्के अबंधित, म्हणजे स्थानिक गरजेप्रमाणे वापरायचं, आणि ६० टक्के बंधित. बंधितातलं निम्मं पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं, पाण्याचा पुनर्वापर यासाठी, आणि निम्मं स्वच्छता व घनकचरा यासाठी. बंधित पैशातून किनाऱ्याचा रस्ता करायला मुख्याधिकाऱ्यांनाही मुभा नाही. हे मी चार लोकांना मेसेज दाखवून सांगितलं तेव्हा भांडण थांबलं आणि खरा प्रश्न समोर आला: मग अबंधित पैसे कशावर खर्च झाले? विचारायला हवा होता तो हाच.

अनुदानाला आणखी एक अट आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. नगरपरिषदेचे वार्षिक हिशेब लोकांना बघता येतील असे ऑनलाइन जाहीर करावे लागतात. म्हणजे जमाखर्च बघायला कुणाच्या पाया पडायची गरज नाही. आमच्या चॅनेलवर मात्र या हिशेबांचा दुवा आजवर एकदाही आला नाही. वृक्षारोपणाचे फोटो येतात. ते यावेतच, पण हिशेबही यायला हवेत.

जिल्हा नियोजन समितीतून येणारी कामं वेगळी. नगरोत्थान असेल, नागरी दलितेतर वस्ती सुधारणा असेल, या राज्याच्या योजना. ती समिती पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली चालते, त्यामुळे पाठपुरावा जिल्ह्याच्या ठिकाणी करावा लागतो. नगरपरिषदेत जाऊन ओरडलं तरी तिथला लिपिक काय करणार?

आता आमच्या गल्लीची गोष्ट. नव्या जलवाहिनीचं काम अमृत २.० मधून आहे. ही योजना केंद्राने १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू केली. एक लाखाच्या आतल्या शहरांना केंद्र निम्मे पैसे देतं, उरलेले राज्याने आणि नगरपरिषदेने घालायचे. चॅनेलवर कार्यादेशाची तारीख, लांबी, मुदत, सगळं आलं होतं. हा मेसेज खरोखर व्यवस्थित होता आणि मी तो वेगळा ठेवला. एप्रिलमध्ये खोदाई सुरू झाली. जांभ्यात चर मारायचा म्हणजे ब्रेकर लागतो, दिवसभर घणघण. पाईप पडला, माती लोटली, आणि रस्ता मेअखेर करू असं सांगण्यात आलं.

पण २०२५ चा पाऊस कुणाला थांबला नाही. मान्सून २४ मेला केरळात आला आणि दुसऱ्याच दिवशी देवगडपर्यंत पोचला. मृगाची वाट बघत बसलेल्या कोकणाला मेमध्येच पावसाने गाठलं. आमच्या गल्लीतला भराव दोन सरींत खचला. लाल पाण्याचा ओहोळ थेट खानावळीच्या पायरीपर्यंत यायचा. शाळेची पोरं भिंतीला धरून जायची, मासे घेऊन येणाऱ्या बायका टोपली वाचवत कडेकडेने. अण्णा एकदा घसरले, सुदैवाने हाडाला काही झालं नाही. चॅनेलवर एक ओळ आली: रस्ता पूर्ववत करण्याचे काम पावसाळ्यानंतर. मग ऑक्टोबरपर्यंत त्या कामापुढे ‘प्रगतीत’ एवढाच शब्द.

इथे कोकणातल्या कामांचं वेळापत्रक समजून घ्यावं लागतं. भर पावसात डांबर पडत नाही. दसरा-दिवाळीनंतर जमीन वाळते आणि तिथून मेपर्यंत जेमतेम सहा-सात महिने मिळतात. त्यातच मार्चअखेर आणि शिमगा येतो, आणि आंब्याचा हंगाम सुरू झाला की मजूर बागांकडे जातात. घाटावर काम एखादा महिना लांबलं तर लांबतं, इथे एक महिना लांबलं तर वर्ष जातं. २०२५ मध्ये तर निवडणूकही त्याच दिवसांत आली. आमच्यासारख्या बऱ्याच नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपल्यापासून जवळपास चार वर्षं प्रशासकच होते. निवडणूक ४ नोव्हेंबर २०२५ ला जाहीर झाली, आचारसंहिता लागली, २ डिसेंबरला मतदान आणि २१ डिसेंबरला मतमोजणी. कामाचा ऐन हंगामच त्यात सापडला.

नोव्हेंबरमध्ये मी रस्त्याचं विचारायला गेले तर उत्तर मिळालं, “ताई, आचारसंहिता आहे, आता काही करता येत नाही.” मी फोनवर जुना मेसेज काढून दाखवला. आचारसंहितेत नवं काम जाहीर करता येत नाही, नवा कार्यादेश देता येत नाही. पण आधी कार्यादेश दिलेलं आणि प्रत्यक्ष सुरू असलेलं काम चालू ठेवता येतं. आमचा कार्यादेश कधीचाच होता. पाणीपुरवठा विभागातल्या अभियंत्यांनी मेसेज नीट वाचला, नस्ती (फाईल) मागवली आणि म्हणाले, “बरोबर आहे तुमचं, हे चालू कामच आहे.” भांडण नाही, आवाज चढवणं नाही. मतदानाच्या आधी आमच्या गल्लीत खडीचा पहिला ट्रक आला. त्या माणसाने मन लावून ऐकलं याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण हातात तारीख नसती तर ऐकायला काही नव्हतंच.

त्याच सुमारास मोजमाप पुस्तिकाही बघितली. झालेलं काम मोजून तीत लिहितात आणि त्यावरून ठेकेदाराचं बिल निघतं. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघता येतात. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्जही लागत नाही. (अर्जच करायचा असेल तर १० रुपये, आणि पाहणीचा पहिला तास मोफत.) मी आणि अण्णा गेलो. पुस्तिका म्हणजे लांबट वही, पानांना क्रमांक, प्रत्येक नोंदीला लांबी, रुंदी, खोली आणि शेवटी परिमाण. आमच्या गल्लीच्या नोंदी सापडल्या: खोदाई, पाईपखालचा वाळूचा थर, पाईपचा व्यास, भराव. अण्णांनी चष्मा वर करून आकडे वाचले आणि खोली बरोबर लिहिल्याचं सांगितलं. त्यांनी खोदाई उभं राहून पाहिली होती. रस्ता पूर्ववत करण्याची बाब मात्र कुठेच मोजलेली नव्हती. म्हणजे त्याचं बिल निघालेलंच नव्हतं. सहा महिने गल्लीत जे बोललं जात होतं, रस्त्याचे पैसे केव्हाच उचलले, ते खरं नव्हतं. त्या दुपारनंतर अण्णा स्वतःच लोकांना हे सांगत फिरले.

ही एवढी माहिती चॅनेलवर आली असती तर कितीतरी कटुता टळली असती. माझी मुख्य तक्रार हीच आहे. भूमिपूजनाच्या मेसेजमध्ये उपस्थितांची लांब यादी असते, पण काम अर्ध्यात थांबलं की कारण कळत नाही. ‘प्रगतीत’ लिहायचं तर किती मीटर झालं आणि कशासाठी थांबलंय हे एका वाक्यात लिहिता येतं. पाऊस आला म्हणून थांबलं हे सांगण्यात लाज कसली? कोकणातल्या माणसाला पाऊस समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी तक्रार दोषदायित्वाची. रस्ता झाल्यावर ठरावीक काळ तो खराब झाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, आणि त्याची अनामत रक्कम तोवर नगरपरिषदेकडे राहते. आमच्या कामाला निविदेत तीन वर्षं आहेत. ही तारीख एकाही मेसेजमध्ये नसते. ती माहीत नसल्यामुळे खड्डा पडला की आपण पुन्हा नवीन निधी मागत बसतो आणि त्याच रस्त्यावर दुसऱ्यांदा सार्वजनिक पैसा जातो. मला याचं फार वाईट वाटतं.

आणि फोन नसलेल्यांचं काय? मोहल्ल्यातल्या, कोळीवाड्यातल्या कितीतरी बायकांपर्यंत चॅनेल पोचत नाही. मी आमच्या प्रभागाचे मेसेज छापून खानावळीच्या भिंतीला लावते, जेवायला येणारे खलाशी आणि रिक्षावाले वाचतात, घरी सांगतात. पण हे नगरपरिषदेच्या फलकावर, मच्छीमार्केटच्या दाराशी, ठळक अक्षरांत असायला हवं.

पाचपैकी साडेतीन गुण देईन. नियमितपणा आणि योजनेचं नाव यासाठी पूर्ण गुण, थांबलेल्या कामांबद्दलच्या मौनासाठी कापलेले. नवीन सभागृह बसल्यावर मी लेखी विनंती दिली आहे: प्रत्येक कामापुढे कार्यादेशाची तारीख, पूर्ण व्हायची मुदत आणि दोषदायित्व संपायची तारीख. पोच घेतली आहे. फेब्रुवारीपासूनच्या मेसेजमध्ये पहिल्या दोन तारखा दिसू लागल्यात, तिसरी अजून नाही.

तुमच्या गल्लीत यंदा खोदाई व्हायची असेल तर ब्रेकर येण्याआधी रस्त्याचे तारखेसह फोटो काढून ठेवा, कार्यादेशाचा मेसेज वेगळा जपा, आणि रस्त्याची बाब मोजली का हे सोमवारी जाऊन बघून या. मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रस्ता झाला नसेल तर त्याच आठवड्यात लेखी द्या, जूनची वाट बघू नका.