'मेंदू पुन्हा भरतो' म्हणून आमच्याकडून ४५ हजार घेतले

बाबा ७४ वर्षांचे. विसरायला लागले, चालताना तोल जायला लागला, म्हणून एमआरआय काढला. रिपोर्टात लिहून आलं 'सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी'. मेंदू आकसलाय. घरात कुणाला धड जेवण जाईना. त्याच आठवड्यात नागपुरात धंतोलीतल्या एका सेंटरची जाहिरात मोबाइलवर आली: विजेच्या सौम्य प्रवाहानं मेंदू पुन्हा भरतो.

तिथं आधी व्हिडिओ दाखवला. पार्किन्सनच्या पेशंटचा थरथरता हात मशीन सुरू करताच शांत होतो. आई तर रडायलाच लागली. व्हिडिओ खोटा नव्हता, म्हणूनच आम्ही फसलो. ते डीप ब्रेन स्टिम्युलेशन होतं. त्यात कवटीला छिद्र पाडून मेंदूत तार बसवतात, छातीत कातडीखाली बॅटरी ठेवतात. तेही थरथर आटोक्यात आणतं, आजार घालवत नाही. आमचे ४५ हजार घेतले ते डोक्याला लावायच्या दोन स्पंजांसाठी. ३० सेशन, पैसे आगाऊ.

रोज दुपारी चारला जायचं. मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज, वरून रबरी पट्टा, वीस मिनिटं. पाणी भुवईवरून ओघळायचं, आई पदरानं टिपायची. कपाळावर चौकोनी लाल डाग उठायचा. "मुंग्या येतात ना काका? पेशी जाग्या होऊन राहिल्या," तिथली मुलगी म्हणायची. मुंग्या कातडीला येत होत्या.

शेवटी कॉम्प्युटरवर रंगीत नकाशा दाखवला, निळं होतं तिथं हिरवं. मी म्हटलं, पुन्हा एमआरआय काढू? "इतक्यात नको." मी तेव्हाही गप्प बसले.

नंतर न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी फिल्म उजेडात धरून मेंदूच्या घड्यांमधल्या रुंद काळ्या फटी दाखवल्या. गेलेल्या पेशी परत येत नाहीत, म्हणाले. एक-दोन मिलिअँपिअरच्या या करंटला टीडीसीएस म्हणतात, डिप्रेशन, स्मरणशक्ती अशा गोष्टींवर त्याचा अभ्यास चालू आहे. आकसलेला मेंदू त्यानं भरून येतो हे कुणीही सिद्ध केलेलं नाही. मग विचारलं, "बी-१२, थायरॉइड तपासलं?" सेंटरमध्ये कुणी विचारलंही नव्हतं. बी-१२ फार कमी निघालं. इंजेक्शनं सुरू केल्यावर चाल थोडी सावरली, विसरणं तसंच आहे. पैशांपेक्षा मला ते वाया गेलेले सहा आठवडे जास्त छळतात.

पावतीवर फक्त 'वेलनेस पॅकेज' लिहिलंय. आजाराचं नाव नाही, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही. पैसे देण्याआधी हे दोन्ही लेखी मागा. आक्षेपार्ह जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्यात ज्या आजारांवरच्या इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे त्यांची यादी आहे, तिच्यात मेंदूचे विकारही आहेत. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आम्ही पावती आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडून केली आहे. तुम्हीही अशाच जाहिरातीवरून पैसे भरले असतील, तर ती काढून टाकली जाण्याआधी तिचा फोटो घेऊन ठेवा.