‘सगळ्या वायरी सारख्याच’ म्हणत मला जुना एसएमपीएस नवा म्हणून विकला

गोव्यातल्या डिचोली, साखळी, म्हापसा भागात कोणी सध्या कॉम्प्युटर असेंबल करायच्या विचारात असेल तर त्याने एवढं वाचून मगच दुकानात जावं. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारी पेटी. त्याच्या चुकीच्या वायरीमुळे माझी एक टीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर डेटा साठवणारी डिस्क) जळाली. चार टीबीची हार्ड डिस्क जवळजवळ गेलीच होती. आणि ज्या दुकानदारामुळे हे झालं त्याने पहिल्या दिवशी सगळं खापर माझ्या माथी फोडलं.

आमच्या गावच्या देवळात उत्सवाला दरवर्षी नाटक होतं, गावातलीच माणसं करतात. गेली अकरा वर्षं मी ती नाटकं शूट करतो आणि एडिट करून सगळ्यांना देतो. लग्नाची कामंही घेतो, पण जीव आहे तो या नाटकांत. जूनमध्ये एका रात्री विजा कडाडत होत्या. सकाळी बघतो तर जुनं मशीन मेलेलं. ते आठ वर्षांचं होतं, म्हणून म्हटलं पूर्णच नवं करूया. आधी तीन-चार मशीन मी स्वतः जोडली आहेत, त्यामुळे सुटे पार्ट घेऊन घरी जोडायचं ठरवलं.

बाकीचे पार्ट इकडून तिकडून घेतले, त्यांची काही तक्रार नाही. एसएमपीएस मात्र म्हापशाच्या एका दुकानात घेतला. साडेसातशे वॅट, गोल्ड रेटिंग (म्हणजे वीज कमी वाया घालवणारा), फुल मॉड्युलर, म्हणजे सगळ्या वायरी सुट्या, हव्या तेवढ्याच लावायच्या. बाहेर साडेनऊ हजारांच्या आसपास भाव होता, याने ७,८०० सांगितले. पक्कं बिल हवं असेल तर वर १८ टक्के जीएसटी पडेल, म्हणाला. मी साध्या चिठ्ठीवर राजी झालो. त्या चिठ्ठीवर ना दुकानाचा शिक्का होता ना सिरियल नंबर, नुसतं ‘७५० वॅ. एसएमपीएस’ आणि रक्कम. खोकं उघडलेलं होतं. विचारलं तर म्हणाला, डिस्प्लेला काढलेला, टेस्ट करून ठेवलाय. वायरी कंपनीच्या पिशवीत नव्हत्या, साध्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून कोंबल्या होत्या. माझ्या ग्राफिक्स कार्डाला दोन आठ-पिनी वायरी लागतात. त्या आहेत की नाहीत हे बघायला मी पिशवी काउंटरवर ठेवली, फोटो काढला आणि पुण्याला भाच्याला पाठवला. त्या फोटोचं पुढे किती काम पडणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

हार्ड डिस्कच्या वायरीचा प्लग बाकीच्यांपेक्षा जरा वेगळा दिसला, म्हणून मी त्याला विचारलंही. तो हसला आणि म्हणाला, “वायर म्हळ्यार वायर, सगळ्यो एकूच. कांयच जावचें ना.”

हेच खोटं आहे, आणि माणूस फसतो तो इथेच. वायरीचं जे टोक मदरबोर्डात, ग्राफिक्स कार्डात किंवा डिस्कमध्ये जातं ते जगभर ठरलेलं आहे. मदरबोर्डाचं चोवीस पिनांचं, प्रोसेसरचं चार अधिक चार, ग्राफिक्स कार्डाचं सहा अधिक दोन, डिस्कचं चपटं पंधरा पट्ट्यांचं. पण वायरीचं दुसरं टोक, जे एसएमपीएसच्या पाठीत घुसतं, त्याला कसलाच सर्वमान्य नियम नाही. तिथे कुठल्या भोकात बारा व्होल्ट, कुठल्यात पाच आणि कुठल्यात ग्राउंड (शून्य व्होल्टची परतीची वाट) हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते वेगळं असू शकतं. प्लग मात्र बहुतेक ठिकाणी त्याच आकाराचे असतात. वायर छान बसते, खटका लागतो, आणि आपल्याला वाटतं बरोबर लागली. जुन्या एसएमपीएसमध्ये पिवळी बारा, लाल पाच, नारिंगी ३.३, काळी ग्राउंड अशी ओळख तरी असायची. आता सगळ्याच वायरी काळ्या, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही.

घरी आल्यावर मी नेहमीप्रमाणे आधी डिस्का न लावता मशीन चालू केलं. स्क्रीन आली, पंखे फिरले, बायोसमध्ये (मशीन चालू होताना येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) रॅम दिसली. चोवीस पिनांची आणि प्रोसेसरची वायर त्याच एसएमपीएसची होती हे नंतर कळलं. खात्री पटली म्हणून मशीन बंद करून एसएसडी आणि हार्ड डिस्क एकाच वायरीवर जोडल्या आणि बटण दाबलं. पंखा अर्धा वळसा फिरला आणि थांबला. आतून ‘टक्’ असा आवाज. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा तेवढंही नाही. कॅबिनेटला नाक लावलं तर जळका वास, प्लास्टिक करपल्यावर येतो तसला.

त्या हार्ड डिस्कवर अकरा वर्षांची नाटकं होती. जुन्या आठ वर्षांची दुसरी कॉपी आहे. शेवटच्या तीन वर्षांची नव्हती. त्या तीन नाटकांत काम केलेले दोघेजण आता हयात नाहीत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं घेऊन साखळीला एका टीव्ही मेकॅनिककाकांकडे गेलो. साठीचे आहेत, मोबाइल आणि मदरबोर्डही दुरुस्त करतात. त्यांनी एसएमपीएस टेबलावर ठेवला, चोवीस पिनांच्या वायरीतली सोळा नंबरची पिन शेजारच्या सतरा नंबरच्या ग्राउंडशी तारेच्या तुकड्याने जोडली आणि कॉम्प्युटरशिवायच तो चालू केला. (घरी हे करायला जाऊ नका. पिन मोजताना चूक झाली तर आणखी एक नुकसान.) मल्टिमीटरच्या टोकांना त्यांनी शिवणाच्या सुया बांधल्या होत्या, कारण डिस्कच्या प्लगमधल्या पट्ट्या फार बारीक असतात. त्या पंधरा पट्ट्या तीन-तीनच्या पाच गटांत असतात : ३.३ व्होल्ट, ग्राउंड, पाच व्होल्ट, ग्राउंड, बारा व्होल्ट. काकांनी मधल्या गटावर सुई टेकवली. मीटरवर १२.०८ आले. ते काही बोलले नाहीत, फक्त मीटर माझ्याकडे वळवला. मग शेवटच्या गटावर टेकवली, जिथे बारा हवेत. तिथे ५.०३.

म्हणजे पाच आणि बाराची अदलाबदल झाली होती. डिस्कचा सगळा इलेक्ट्रॉनिक भाग पाच व्होल्टवर चालतो, त्यात थेट बारा घुसले. चढउतार पाच टक्क्यांपर्यंत चालतो, म्हणजे पाचच्या जागी ४.७५ ते ५.२५. आमच्याकडे दुपटीहून जास्त.

एसएसडी पूर्ण गेली, तिच्यात काही उरलं नाही. हार्ड डिस्कचं काकांनी आशा दाखवत पण घाई न करता सांगितलं. डिस्कच्या खालच्या हिरव्या पट्टीवर तांदळाच्या कणीएवढा काळा डायोड असतो. व्होल्टेज वाढलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि मागच्या भागांना वाचवतो. तो शॉर्ट झाल्यामुळेच एसएमपीएस प्रत्येक वेळी झटकन बंद होत होता. मोजल्यावर तो शून्य दाखवत होता. काकांनी हॉट एअरने (गरम हवेच्या यंत्राने) तो उचलून बाजूला काढला आणि त्यांच्याकडच्या एका चांगल्या एसएमपीएसवर डिस्क लावली. डिस्क फिरायला लागल्याचा तो घुमणारा आवाज मी आजन्म विसरणार नाही. नवी डिस्क आणून दोन रात्री कॉपी केली. सगळी नाटकं मिळाली. आता त्या जुन्या डिस्कला ते संरक्षण नाही, म्हणून ती कपाटात ठेवून दिली आहे. सगळ्यांचं नशीब असं नसतं. बऱ्याचदा डायोडच्या पलीकडचंही जळलेलं असतं.

मग दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “तुम्ही चुकीच्या जागी लावली असणार.” मी सांगितलं की प्लग एकाच बाजूने बसतो. तर म्हणाला, “मग घरच्या जुन्या वायरी लावल्या असतील, आमच्या नव्हेत त्या.” त्यावर मी मोबाइलवरचा फोटो काढून दाखवला. त्याच्याच काउंटरची काच, त्याच्याच दुकानाचं कॅलेंडर आणि पिशवीत तीच वायर. फोटोवर तारीख आणि वेळ. पैसे यूपीआयने दिल्याची नोंद सात मिनिटांनंतरची. तो गप्प झाला आणि म्हणाला, मालक बाहेरगावी आहेत, आठ दिवसांनी या.

घरी येऊन खोकं नीट बघितलं. झाकणावर टेपचे दोन थर होते, खालचा ब्लेडने कापलेला. खोक्यावरचा सिरियल नंबर आणि एसएमपीएसच्या अंगावरचा नंबर वेगळे. कंपनीला दोन्ही नंबर मेल केले. उत्तर आलं की अंगावरच्या नंबरच्या युनिटची वॉरंटी केव्हाच संपलेली आहे. म्हणजे कुणाचा तरी वापरलेला एसएमपीएस, अर्ध्या वायरी हरवलेल्या किंवा वेगळ्या विकून टाकलेल्या, त्यात कुठल्या तरी दुसऱ्याच युनिटच्या वायरी घातल्या आणि नव्याच्या खोक्यात नवा म्हणून मला दिला. चूक माणसाकडून होते हे मलाही कळतं. पण नंबर बदललेलं खोकं चुकून चिकटत नाही.

आठ दिवसांनीही मालक बाहेरगावीच होते. मग मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ नंबरवर, तक्रार नोंदवली आणि फोटो, यूपीआयची नोंद, कंपनीचा मेल असं सगळं जोडलं. त्यानंतर दुकानातून स्वतःहून फोन आला. ७,८०० रुपये परत केले. एसएसडीचे मात्र देणार नाही म्हणतात, “त्याचं आमच्याकडे बिल नाही.” त्यासाठी मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. चिठ्ठीऐवजी पक्कं बिल असतं तर माझं काम अर्धं झालं असतं. अठरा टक्के वाचवायला गेलो आणि पुरावाच हातचा घालवला, याचं मला फार वाईट वाटतं.

तुम्ही घेताना खोकं तुमच्यासमोर उघडायला लावा आणि दोन्ही नंबर जुळवून, बिलावर लिहून घ्या. मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरी त्याच्याच खोक्यातल्या हव्यात. जास्तीची वायर लागली तर त्याच मॉडेलसाठी कंपनीने सांगितलेलीच घ्या. जुना एसएमपीएस बदलून नवा बसवताना कॅबिनेटमधल्या जुन्या वायरी तशाच ठेवून नवा जोडायचा मोह बऱ्याच जणांना होतो, कारण त्या ओढून काढणं जिकिरीचं असतं. तसं अजिबात करू नका, परिणाम माझ्यासारखाच होऊ शकतो. प्रोसेसरची आणि ग्राफिक्स कार्डाची आठ-पिनी वायर सारखी दिसते, पण त्यांत बारा आणि ग्राउंड उलट्या बाजूंना असतात. नीट बसत नसेल तर दाबून बसवायची नाही. चांगल्या दुकानात एसएमपीएस टेस्टर असतो, छोटी डबी. डिस्कची वायर त्यात लावून दाखवा म्हणा. दोन मिनिटांचं काम आहे. जो दुकानदार तेवढंही करायला कां-कूं करतो त्याच्याकडून घेऊ नका.

ती वायर मी टाकून दिलेली नाही. तिला लाल दोरा बांधून, चिठ्ठी लावून ठेवली आहे, आयोगापुढे दाखवायला लागेल म्हणून. मल्टिमीटरही आता घरात आहे, आणि सुया बांधायच्या कशा हे काकांनी शिकवलं. आमच्या आसपास कुणाला नव्या मशीनच्या वायरींची शंका असेल तर डिस्का जोडण्याआधी माझ्याकडे घेऊन या. रविवारी सकाळी मी घरीच असतो.