पंचशील की अष्टशील?

आषाढ पौर्णिमेला वर्षावास (भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम) सुरू झाला की वरळीच्या आमच्या बौद्ध विहारात हा प्रश्न निघतोच: रोजचं पंचशील पुरे, की पौर्णिमेला अष्टशीलही घ्यावं?

पंचशील म्हणजे जीवहिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि नशा यांपासून दूर राहणं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना त्रिशरणासह (बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणं) हेच दिलं. प्रत्येक शिलात 'सिक्खापदं समादियामि', म्हणजे 'हा शिकण्याचा नियम मी स्वीकारतो', असं येतं. ही वरून आलेली आज्ञा नव्हे. शिकण्यासाठी नियम आपणच स्वीकारतो, हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र पंचशिलाला सुट्टी नाही. कुर्ल्यात असताना फोनवर 'दादरला पोचलो' म्हटलं, तरी चौथं शील मोडलं.

अष्टशील बहुधा एका दिवस-रात्रीपुरतं असतं. त्यात तिसऱ्या शिलाच्या जागी पूर्ण ब्रह्मचर्य येतं. शिवाय मध्यान्हानंतर जेवण नाही, नाचगाणी आणि साजशृंगार नाही, उंच-ऐसपैस बिछाना नाही. आमची आजी त्या दिवशी जमिनीवर चटई टाकून झोपायची. एक वाजता डबा उघडणाऱ्या नोकरदाराला मात्र बाराच्या आत जेवण उरकावं लागतं, आणि खरी अडचण तीच आहे.

माझा कौल आधी पंचशिलाला. उपवास केला आणि संध्याकाळी घरच्यांवर खेकसलो, तर त्या उपवासात मला अर्थ दिसत नाही. पौर्णिमा रविवारी आली, तर अष्टशील जरूर घ्या. सकाळच्या वंदनेलाच भन्तेजींकडे (विहारातल्या भिक्खूंकडे) मागता येतं.