कर्करोग संशोधनासाठी मॅरेथॉन: २४ आठवड्यांचे वेळापत्रक आणि देणगीचे पान, वापरानंतरचा अनुभव

१९ जानेवारी २०२५ रोजी झालेली टाटा मुंबई मॅरेथॉन मी कर्करोग संशोधनासाठी निधी गोळा करत धावले. त्यासाठी दोन गोष्टी जवळपास सहा महिने माझ्या वापरात होत्या. एक म्हणजे आमच्या ठाण्यातल्या धावण्याच्या गटाच्या प्रशिक्षकांनी आखून दिलेले २४ आठवड्यांचे वेळापत्रक आणि दुसरी म्हणजे ऑनलाइन देणगी घेण्याचे पान. पहिल्याबद्दल पुष्कळ लिहिले जाते, दुसऱ्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही, आणि माझी खरी कसोटी दुसरीकडेच लागली. म्हणून वेळापत्रकाबद्दल आधी लिहिते आणि मग देणगीकडे येते.

माझे वय ४६ आहे. यापूर्वी मी दोनदा अर्धमॅरेथॉन धावले होते, पूर्ण ४२.१९५ किलोमीटर कधीच नाही. वेळापत्रक सोमवार, ५ ऑगस्टला सुरू झाले. आठवड्यातून चार दिवस धावायचे होते. दोन दिवस सावकाश, एक दिवस चढाचा किंवा वेगाचा आणि रविवारी लाँग रन. तीन आठवडे अंतर वाढवायचे आणि चौथ्या आठवड्यात ते मुद्दाम कमी करायचे, ही त्याची मूळ रचना, आणि तीच मला सर्वांत उपयोगी पडली. कमी अंतराच्या त्या आठवड्यात सुरुवातीला अपराधी वाटायचे, परंतु ऑक्टोबरनंतर लक्षात आले की पाय सुधारतात ते त्याच दिवसांत. सावकाश म्हणजे किती सावकाश, याचे मोजमापही सोपे होते. शेजारी धावणाऱ्याशी धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. मी दोन महिने हे मोजमाप पाळले नाही, आणि त्याची किंमत नडगीच्या दुखण्याने मोजली.

चढासाठी उपवन तलावापासून येऊरचा रस्ता होता. ऑगस्टमध्ये तिथे पावसाची झड लागली की समोरचे दोन हातांवरचे दिसत नाही, रस्त्यावर शेवाळ असते आणि बूट पहिल्या दहा मिनिटांतच भिजतात. भिजलेल्या बुटांतले तळवे काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, दोन तासांनी ते बदलायचे आणि बूट पंख्याखाली ठेवायचे. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवले तर डिंक सुटतो. यासाठी बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरणे पावसाळ्यात चैनीचे नाही, गरजेचे आहे. पहिल्या जोडाचे ६४० किलोमीटर झाल्यावर पोटऱ्या दुखू लागल्या. वरून तो जोड नवा दिसत होता, परंतु टाचेखालचा फोम दाबला तर परत वर येत नव्हता. घड्याळाबद्दल एवढेच सांगते की अंतर आणि वेळ दाखवणारे साधे जीपीएस घड्याळ पुरते.

वेळापत्रकात दोन उणिवा आहेत, आणि चाळिशीनंतर धावणाऱ्या स्त्रियांनी त्या आधीच भरून काढाव्यात. पहिली, त्यात स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम जवळपास नव्हता. ऑक्टोबरमध्ये नडगी दुखू लागल्यावर फिजिओथेरपिस्टने पायरीवर उभे राहून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम, स्क्वॉट आणि एका पायावर तोल सांभाळणे असा वीस मिनिटांचा क्रम आठवड्यातून दोनदा दिला. तीन आठवड्यांत दुखणे गेले. हा क्रम पहिल्या आठवड्यापासून हवा होता. दुसरी उणीव अशी की सगळा वेग दर किलोमीटरला किती मिनिटे असा लिहिलेला होता आणि तो कोरड्या, थंड हवेला धरून होता. आपल्याकडे ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात तोच वेग धरला तर नाडी वाढते आणि शेवटचे पाच किलोमीटर ओढत न्यावे लागतात. मी ऑक्टोबरभर वेग पाहणे बंद केले आणि श्वासावर धावले. मीठ आणि पाणी यांचे महत्त्वही तेव्हाच समजले. दीड तासापेक्षा जास्त धावायचे असेल तेव्हा मी ओआरएसचे पाकीट पाण्यात नीट प्रमाणात मिसळून बाटलीतून नेत असे आणि दर तासाला साधारण ४० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे पाहत असे. खजूर, राजगिऱ्याची वडी आणि केळे यांत ते सहज बसते.

आता देणगीचे पान. माझ्या मोठ्या बहिणीला, ताईला, काही वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला आणि तिचे उपचार परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. त्या महिन्यांत मी जेरबाई वाडिया रस्त्याच्या पदपथावर बिहार-बंगालमधून आलेली कुटुंबे पथारी टाकून राहिलेली रोज पाहिली. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळाही पाहिली, जिथे बाहेरगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. म्हणून पैसे मागायला सुरुवात केली तेव्हा पहिला प्रश्न मलाच पडला होता, आणि नंतर तो मला किमान तीस जणांनी विचारला. समोर रुग्ण दिसत असताना पैसे संशोधनाला का द्यायचे? आमच्या सोसायटीतले एक काका स्पष्टच म्हणाले, "औषधाला पैसे नाहीत असा माणूस दाखव, मी आत्ता देतो. प्रयोगशाळेला माझे पाचशे रुपये काय पुरणार?"

या प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर देऊन चालत नाही. पहिल्या तीन आठवड्यांत मी भावनिक मजकूर लिहिला, ताईचा उल्लेख केला, माझ्या धावण्याची छायाचित्रे टाकली आणि चौदा व्हॉट्सअॅप गटांवर पानाचा दुवा पाठवला. तीन देणग्या आल्या. मग मी मजकूर बदलला. संशोधनातून आपल्याच शहरात काय हाती आले, तेवढेच लिहिले.

त्यात सर्वांत उपयोगी पडले ते मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमधील काम. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी केली गेली, ती डॉक्टरांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी, आणि साधन होते सौम्य व्हिनेगर. व्हिनेगर लावल्यावर बदललेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले. इतक्या स्वस्त तपासणीने जीव वाचतो हे सिद्ध करायला पंधरा वर्षे घरोघर जाणारी माणसे लागली. पैसा लागला तो या माणसांना.

दुसरे उदाहरण टाटा मेमोरियलचेच डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या चाचणीचे. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती लिडोकेन हे भूल देण्याचे साधे औषध टोचायचे, एवढाच बदल. देशातील ११ केंद्रांवर सुमारे १,६०० स्त्रियांवर ही चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर हयात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के होते, तर दिलेल्या गटात ९०.१ टक्के. इंजेक्शनचा खर्च शंभर रुपयांच्या आत. या औषधाचे पेटंट कोणाकडे नाही, त्यातून कोणाला नफा नाही, त्यामुळे औषधकंपनी असा अभ्यास स्वतःहून करेल अशी शक्यता कमीच. अशा प्रश्नांसाठी सार्वजनिक निधी आणि लोकांच्या देणग्या हाच आधार उरतो. मी काकांना हे त्यांच्याच घरी बसून सांगितले. त्यांनी आकडे दोनदा विचारून घेतले, कागदावर लिहिले आणि दुसऱ्या दिवशी ५,००० रुपये दिले.

पैशांसाठी धावण्याची ही पद्धत कुठून आली, असेही काहींनी विचारले. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये पाय गमावलेला कॅनडाचा टेरी फॉक्स १९८० मध्ये कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला, आणि त्यानेही पैसे मागितले ते संशोधनासाठीच. हे मी शाळकरी मुलांना सांगत असे. त्यांच्याकडून आलेल्या दहा-वीस रुपयांचा हिशेब मी वेगळा ठेवला आहे.

मागण्याची वेळ हीसुद्धा शिकण्याची गोष्ट निघाली. दिवाळीत लोक देतील असे मी धरून चालले होते, परंतु तेव्हा सर्वांचे हात खर्चात गुंतलेले असतात. त्यापेक्षा पितृपक्षात, म्हणजे १८ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या पंधरवड्यात, अधिक देणग्या आल्या. कर्करोगाने गेलेल्या माणसाच्या नावाने देण्याची सोय आहे, एवढेच मी लिहिले होते. एका आजोबांनी पत्नीच्या श्राद्धाच्या जेवणावळीचा खर्च वाचवून ती रक्कम दिली आणि पावतीवर तिचे नाव येईल का, असे विचारले. पावती देणाऱ्याच्याच नावाने निघते, हे मला त्यांना सांगावे लागले. संदेशाच्या रकान्यात मात्र मी तिचे नाव लिहून दिले. गटांवर दुवा टाकण्याचे मी तोपर्यंत थांबवले होते. रविवारच्या लाँग रननंतर बसून दहा जणांना त्यांच्या नावाने स्वतंत्र संदेश लिहायचे, हा माझा नियम झाला. असे मी ९४ संदेश लिहिले आणि त्यांतून ६१ देणग्या आल्या.

पानाबद्दल माझ्या दोन ठाम तक्रारी आहेत. देणाऱ्याने १,००० रुपये लिहिले की खाली संकेतस्थळाच्या खर्चासाठी म्हणून आणखी काही रक्कम आपोआप मिळवली जाई आणि ती शून्य करण्याची सोय एका लहानशा बाणामागे होती. साठीच्या पुढच्या अनेकांच्या ते लक्षात आले नाही. कळल्यावर त्यांना वाटले की मीच जास्त घेतले. मी ही बाब कळवली. उत्तर आले, बदल झाला नाही. त्यानंतर मी प्रत्येक संदेशाच्या पहिल्याच ओळीत ती रक्कम कशी काढायची हे लिहू लागले. दुसरी तक्रार मराठीच्या अभावाची. पॅन क्रमांक मागणारा रकाना इंग्रजीत आणि कोणत्याही खुलाशाशिवाय समोर आला की माणसे घाबरून पान बंद करतात. पॅन लागत होता तो आयकर कायद्यातल्या ८०जी कलमाखाली देणगीवर मिळणाऱ्या करसवलतीसाठी, ती सवलत जुन्या करप्रणालीतच मिळत होती आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नव्हती, हे तीन मुद्दे मराठीत लिहिलेले असते तर माझे किमान वीस फोन वाचले असते. पानाचा मोठा गुण म्हणजे प्रत्येक रक्कम सर्वांना दिसते, त्यामुळे हिशेबाबद्दल मला एकदाही कोणी प्रश्न केला नाही. ध्येय दीड लाखाचे होते. १,८३,४०० रुपये जमा झाले, ११२ जणांकडून.

शर्यतीच्या तीन आठवडे आधी, २९ डिसेंबरला, ३२ किलोमीटरचा शेवटचा लाँग रन झाला आणि त्यानंतर अंतर उतरवत नेले. शर्यतीच्या दिवशी पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून निघताना हवा थंड होती. सी लिंकवर वारा समोरून होता, तरी वेग ठरवल्याप्रमाणे राहिला. शिवाजी पार्कजवळ ताई उभी होती. तिने मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी हातावर ठेवल्या आणि "बोलू नकोस, जा" एवढेच म्हणाली. पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पेडर रोडचा चढ येतो. येऊरच्या चढाचे महत्त्व तिथे कळते. माझ्या आजूबाजूचे बहुतेक जण चालत होते, मी अगदी सावकाश का होईना, धावत वर गेले. मॅरेथॉन ५ तास २१ मिनिटांत पूर्ण झाली.

वेळापत्रक मी पुन्हा वापरणार आहे, बळकटीचा क्रम पहिल्या आठवड्यापासून जोडून. देणगीचे ठिकाण मात्र बदलणार आहे. पुढच्या वेळी पैसे थेट निधी मिळणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या पानावर घेईन, पॅन आणि ८०जीबद्दलचा मराठी खुलासा आधी तयार ठेवीन आणि ज्यांनी या वर्षी दिले त्यांना सर्वांत आधी पत्र लिहीन. करसवलतीसाठी लागणारी १०बीई प्रमाणपत्रे मे महिन्यात आली. त्यांतल्या सात जणांच्या प्रमाणपत्रांत नावाची चूक होती. ती दुरुस्त होऊन आल्यावर मी छापून त्यांच्या घरी नेऊन दिली. श्राद्धाचे पैसे देणाऱ्या आजोबांनी त्यांची प्रत पत्नीच्या तसबिरीमागे ठेवली आहे.