खोपोली की एकतानगर: दुपारी झोपणाऱ्या मुलासह सहल

दिवाळीच्या सुट्टीचे बेत बडोद्यात नवरात्र संपता संपताच शिजू लागतात, आणि घरात दहा वर्षांखालची मुले असली तर चर्चा बहुधा दोन नावांवर येऊन अडते: मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगतचे खोपोलीचे इमॅजिका, किंवा आपल्या उंबरठ्यावरचे एकतानगर, ज्याला आमच्या घरात आई अजूनही केवडियाच म्हणते. लागोपाठच्या दोन सुट्ट्यांमध्ये आम्ही दोन्ही ठिकाणी जाऊन आलो. इमॅजिकाला गेलो तेव्हा थोरली सात वर्षांची आणि धाकटा साडेतीनचा होता. एकतानगरला गेलो तेव्हा दोघेही वर्षाने मोठी झाली होती. हा एका वर्षाचा फरक दुसऱ्या ठिकाणाच्या पथ्यावर पडला असणार हे आधीच मान्य करतो, म्हणजे पुढचे वाचताना ज्याला जेवढी सूट द्यावीशी वाटेल तेवढी देता येईल. बडोद्याजवळच्या आजव्याचे आतापी हे मनोरंजन उद्यान या तुलनेत घेतलेले नाही. तिथे सकाळी जाऊन रात्री घरी परतता येते, आणि ज्या सहलीसाठी बॅगा भराव्या लागत नाहीत तिला मुले सहल मानतच नाहीत.

मुळात या दोन गोष्टी एका जातीच्या नाहीत. २०१३ साली सुरू झालेले इमॅजिका हे खरेखुरे थीम पार्क आहे: एक प्रवेशद्वार, दिवसभराचे एक तिकीट, आणि आत गेल्यावर बाहेरच्या जगाचा विसर पडावा अशी बांधलेली दुनिया. वॉटर पार्क आणि स्नो पार्क शेजारीच असले तरी त्यांची तिकिटे वेगळी काढावी लागतात. लहान मुलांना घेऊन एका फेरीत तिन्ही उरकण्याचा मोह शक्यतो टाळावा. एकतानगरचा पसारा मात्र सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंचीच्या पुतळ्याभोवती टप्प्याटप्प्याने वाढत गेला. पुतळ्याचे लोकार्पण ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी झाले, तर जंगल सफारी आणि चिल्ड्रन न्यूट्रिशन पार्क ही लहानांच्या कामाची ठिकाणे २०२० च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झाली. तेव्हा ‘थीम पार्क’ हा शब्द काटेकोरपणे वापरायचा झाला, तर एकतानगरातील ते एक पोषण उद्यानच त्यात बसेल. तरीही बडोदेकर आईवडिलांसमोर निवड उभी राहते ती या दोघांतच, म्हणून तुलनाही यांचीच करतो.

प्रवासाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एकतानगर डभोईमार्गे सुमारे ९० किलोमीटर आहे; प्रतापनगर स्थानकावरून थेट मेमू गाडी मिळते, आणि मुलांना गाडीचे वेड असेल तर मोटार घरीच ठेवून तिनेच जावे. खोपोलीसाठी आम्ही पुण्याकडे जाणारी रात्रीची गाडी धरली, पहाटे लोणावळ्याला उतरलो आणि टॅक्सीने बोरघाट उतरून गेलो. घाटात दोघांपैकी कोणालाही उलटी झाली नाही, एवढेच त्या प्रवासाचे यश. एका बाजूला दोन-अडीच तास आणि दुसऱ्या बाजूला अख्खी रात्र, हा फरक कागदावर मोठा दिसतो. पण खरे सांगायचे तर आमचा निर्णय त्यावर झाला नाही, कारण रात्रीच्या गाडीतली वरची बर्थ हीच थोरलीच्या लेखी सहलीतली सर्वांत मोठी राइड होती.

इमॅजिकाचे कौतुक हातचे राखून करण्याचे कारण नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला जे हवे असते ते तिथे भरभरून आहे. ‘आय फॉर इंडिया’ मध्ये पाय अधांतरी ठेवून भारतावरून उडत गेल्यानंतर थोरली बराच वेळ काही बोलली नव्हती, आणि आमच्या घरात ही घटना नोंद करून ठेवण्याजोगी आहे. ‘राजासॉरस’ची बोट तिने दोनदा केली. अगदी लहानांसाठीही फिरत्या कपबश्यांसारख्या सौम्य राइड आहेत आणि त्या देखण्या आहेत. ‘नायट्रो’सारख्या मोठ्या रोलर कोस्टरकडे आम्ही खालूनच पाहिले. उंचीची अट बहुतेक थरारक राइडना असते आणि ती असायलाच हवी. मात्र त्या अटीमुळे तीन-चार वर्षांच्या अंतराच्या भावंडांचे आईवडील दिवसभर आळीपाळीने रांगेत आणि आळीपाळीने रांगेबाहेर असतात, आणि सगळे कुटुंब एकत्र येते ते जेवणाच्या टेबलावर. हे आम्ही गृहीत धरले होते. धरले नव्हते ते दुसरेच.

आमचा धाकटा दुपारी झोपतो. दीड वाजला की त्याचे डोळे जड होतात, आणि त्यानंतर जगात काहीही घडत असले तरी त्याला साडेतीनपर्यंत त्यातून सुटी हवी असते. घरी ही गोष्ट आम्हांला वरदान वाटते. इमॅजिकात तीच आमच्या दिवसाच्या मधोमध येऊन बसली. सकाळी दारे उघडायच्या वेळेला आत शिरल्यामुळे पहिले तीन तास झकास गेले. जेवण झाले, आणि आईस्क्रीमचा शेवटचा घास तोंडात असतानाच त्याने माझ्या खांद्यावर मान टाकली. पार्कात सावली होती, बसायला जागा होती, माणसे आपुलकीने वागत होती. पण संगीत, किंकाळ्या आणि उद्‌घोषणा हाच ज्या जागेचा श्वास आहे तिथे मुलाला आडवे करावे असा शांत कोपरा मिळणे कठीण. बाबागाडी आम्ही ‘आता तो मोठा झाला’ असे म्हणत बडोद्यालाच ठेवून गेलो होतो. परिणामी सुमारे पावणेदोन तास तो माझ्या खांद्यावर होता, दर पंधरा मिनिटांनी दचकून अर्धवट जागा होत होता, आणि मी गोंगाटापासून दूर, पुन्हा दूर, असा चालत होतो. पत्नी थोरलीला घेऊन रांगेत उभी, आम्ही फोनवर एकमेकांना ठावठिकाणा सांगत. साडेतीनला तो उठला तो अपुऱ्या झोपेची सगळी किरकिर घेऊनच, आणि ज्या कपबश्यांसाठी त्याने सकाळपासून हट्ट धरला होता त्यांत बसायला त्याने ठाम नकार दिला. बहिणीलाही त्याने जाऊ दिले नाही.

यात पार्कचा काडीचाही दोष नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाची झोप कोणत्याही व्यवस्थापनाच्या अखत्यारीत येत नाही. परंतु दिवसभराच्या एकाच तिकिटाचा एक सूक्ष्म दबाव असतो, तो मला तिथे प्रथम जाणवला. चौघांचे पैसे सकाळीच भरलेले असतात, त्यामुळे मूल झोपले की वेळ जातो आहे असे वाटू लागते, आणि एरवी ज्या झोपेकडे आपण मायेने पाहतो तिच्याकडे घड्याळ लावून पाहू लागतो. मला माझ्या मुलाकडे त्या नजरेने पाहायचे नव्हते. पार्कला लागूनच हॉटेल आहे, आणि ज्यांना परवडेल त्यांनी तिथे खोली घेऊन दुपारपुरते परतण्याचा विचार अवश्य करावा. फक्त त्या दिवशी पुन्हा आत येण्याचे नियम तिकीट काढतानाच विचारून घ्यावेत. आम्ही राहिलो होतो लोणावळ्यात, तेव्हा तो मार्ग आम्हांला नव्हताच.

एकतानगरला नेमकी हीच गाठ सुटते, आणि ती कोणी मुद्दाम सोडवली म्हणून नव्हे, तर तिथली रचनाच विखुरलेली आहे म्हणून. प्रत्येक ठिकाणाचे तिकीट निराळे, त्यामुळे दिवसाचे तुकडे आपल्या सोयीने पाडता येतात. पहिल्या सकाळी जंगल सफारी केली. नाव सफारी असले तरी हे डोंगरउतारावर वसवलेले मोठे प्राणिसंग्रहालय आहे. पक्ष्यांसाठी घुमटाकार जाळीची दोन दालने आहेत, आणि जिथे ससे-शेळ्यांना हात लावता येतो त्या भागातून धाकट्याला अक्षरशः उचलून आणावे लागले. कमाटीबागेतल्या पिंजऱ्यांवर वाढलेल्या बडोद्याच्या मुलांना हा मोकळेपणा विशेष वाटतो. एक वाजता आम्ही खोलीवर. तो झोपला, त्याची आजी झोपली, आणि थोरलीने माझ्याशी पत्ते खेळून मला तीनदा हरवले. चार वाजता उठून, थेपले आणि चहा आटोपून, ताज्यातवान्या मुलांसह पोषण उद्यान.

त्या उद्यानाबद्दल मला आधी शंका होती, कारण ‘पोषण’ हा शब्द ऐकला की शाळेच्या भिंतीवरचे तक्ते डोळ्यांपुढे येतात. ती शंका बरीचशी फिटली. छोट्या गाडीत बसून फलशाका गृहम्, पयोनगरी, अन्नपूर्णा, पोषण पुरम् आणि स्वस्थ भारतम् अशी स्थानके घेत जायचे, प्रत्येक ठिकाणी उतरून काही पाहायचे, खेळायचे, पुन्हा गाडीत बसायचे. पुढे आरशांचा भूलभुलैया आहे, त्यात आजीच सर्वांत जास्त वेळ अडकली. साडेचार वर्षांच्या मुलाला गाडीत चढणे आणि उतरणे एवढ्यातच परमानंद असतो, आणि इथे ते पुन्हा पुन्हा करायला मिळते. कुठेही कोणाची उंची मोजावी लागली नाही. आजीपासून नातवापर्यंत पाचही जण एकाच डब्यात होतो. घरी आल्यावर त्याने पालेभाजी खाल्ली का, तर नाही.

आता दुसरी बाजू. थोरलीला विचाराल तर ती आजही इमॅजिकाच म्हणेल, आणि तिच्या वयाच्या मुलीचे ते म्हणणे चुकीचे नाही. एकतानगरात पोटात गोळा येईल असे मुलांसाठी फारसे नाही. पुतळा भव्य आहे, शिल्पकार राम सुतार हे मूळचे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, हे सांगताना माझा ऊर भरून आला. मुलांनी पायापाशी उभे राहून मान वर केली, ‘केवढा!’ म्हटले, आणि पाणी मागितले. ठिकाणे एकमेकांपासून दूर असल्याने गाडी वाहनतळावर लावून आतल्या बसने फिरावे लागते, आणि बसच्या चढउतारात पाण्याच्या बाटल्या, टोप्या व एखादी चप्पल सांभाळणे हे एका मोठ्या माणसाचे पूर्णवेळ काम होऊन बसते. मे महिन्यात नर्मदेकाठचे ऊन मुलांना सोसवत नाही, तेव्हा उन्हाळी सुट्टीसाठी मी हे ठिकाण सुचवणार नाही. सोमवारी पुतळा पाहायला बंद असतो. शिवाय ३१ ऑक्टोबरला राष्ट्रीय एकता दिनाचे संचलन होते, आणि दिवाळी त्या सुमारास आली तर बंदोबस्ताचे दिवस टाळूनच आरक्षण करावे.

डायनासोरप्रेमी मुले घरात असतील तर एक गंमत सांगून ठेवतो. इमॅजिकातल्या बोटीला ज्या राजासॉरसचे नाव दिले आहे त्याचे जीवाश्म सापडले ते आपल्या गुजरातेत, बालासिनोरजवळच्या रहिओली येथे, आणि शास्त्रज्ञांनी २००३ साली त्याला दिलेल्या पूर्ण नावात नर्मदाही आहे: राजासॉरस नर्मदेन्सिस. एकतानगरलाही डायनो ट्रेल आहे. म्हणजे ज्याला पाहायला आम्ही रात्रभर गाडीने घाटापलीकडे गेलो तो प्राणी मुळात आमचाच शेजारी निघाला, आणि हे कळल्यापासून थोरली बालासिनोरच्या संग्रहालयाला जायचे म्हणून मागे लागली आहे.

खर्चाचा हिशेब प्रत्येक कुटुंबाचा निराळा. आमच्यापुरते सांगायचे तर एकतानगरचे दोन मुक्काम, पाच माणसांचे, हे खोपोलीच्या एका दिवसापेक्षा आणि त्याच्या प्रवासापेक्षा बरेच स्वस्त पडले. दोन्ही मुले आठच्या पुढची असतील, किंवा एकच मूल असून ते उंचीच्या पट्टीला सहज पुरणारे असेल, तर मी कदाचित खोपोलीच्या बाजूने बोलेन. तिथला एक दिवस मुले अनेक वर्षे आठवतील. पण घरात दुपारी झोपणारे एखादे मूल असेल, आणि जोडीला गुडघे दुखणारी आजी असेल, तर माझे मन एकतानगरकडे झुकते, आणि ते थोडेथोडके झुकत नाही.

या दिवाळीला पुन्हा तिथलेच आरक्षण केले आहे, मंगळवार ते गुरुवार. भाऊ दुपारी झोपायचा थांबला की खोपोली, असे वचन थोरलीला दिलेले आहे. त्यामुळे हल्ली दर रविवारी जेवणानंतर ती त्याच्या उशाशी बसून, अगदी गोड आवाजात, त्याला जागे ठेवण्याचा प्रयत्न करीत असते.