टॅबची ताकद वाढवणारा डॉक: माझे १४,८०० रुपये गेले, तुमचे वाचवा

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण तीन आठवडे मी तोच लपवत फिरलो. १४,८०० रुपये. बोलीची किंमत १६,०००, रोख दिले तर १,२०० सूट. ३,००० मी यूपीआयने आगाऊ दिले आणि उरलेले ११,८०० दुसऱ्या दिवशी रोख मोजून हातात ठेवले. यातले ५,००० माझे नव्हते, आमच्या नाट्यमंडळाचे होते. त्याबद्दल पुढे सांगतो.

दिवाळीआधी गोव्यात म्हापशाला एका हॉलमध्ये चार दिवसांचं प्रदर्शन-विक्री लागलं होतं. लोणची, खादीचे कुर्ते, गुडघेदुखीचं तेल आणि कोपऱ्यात हा स्टॉल. काळी पेटी, वर पंखा, निळा दिवा, टाइप-सी केबल. विकणारा सांगत होता, "दादा, आत ८ जीबी रॅम आणि ग्राफिक्स कार्ड आहे. टॅबला लावा, टॅब लॅपटॉपसारखा पळतो." नाव काय, तर बूस्टर डॉक.

मी अगदीच अडाणी नाही. अकरा वर्षं जत्रेतली नाटकं, लग्नं, मुंजी यांचं शूटिंग करतोय. लॅपटॉप बिघडल्यापासून एडिटिंग टॅबवर करतो. टॅब ४ जीबी रॅमचा (रॅम म्हणजे चालू कामापुरती वापरायची वेगवान मेमरी), तीन अंकी नाटक त्याला झेपत नाही, अॅप मध्येच बंद पडतं. नवा लॅपटॉप घ्यायचा तर पन्नास-साठ हजार. कार्तिकापासून जत्रा सुरू होणार, कामं अंगावर आलेली. अशा वेळी कोणी पंधरा हजारांत वाट दाखवली तर माणूस थांबतोच. शिवाय बाहेरून जोडायचं ग्राफिक्स कार्ड असतं हे मला माहीत होतं. ते खरंही आहे, पण थंडरबोल्ट नावाचं वेगवान पोर्ट असलेल्या कॉम्प्युटरला, तेही त्याला तशी सोय असेल तर. साध्या अँड्रॉइड टॅबला ते चालत नाही. हा पुढचा भाग मला माहीत नव्हता आणि अर्धं माहीत असल्यामुळेच मी जास्त सहज फसलो.

आता तो क्षण. रात्री झोप लागत नाही ती यामुळे.

त्याने माझाच टॅब मागून घेतला. "ड्रायव्हर टाकतो," म्हणत तीनेक मिनिटं स्वतःच्या हातात ठेवला, स्क्रीन त्याच्याकडे. मग डॉक जोडला, पंखा सुरू झाला आणि सेटिंगमधलं टॅबच्या माहितीचं पान उघडून दाखवलं: रॅम ४ जीबी अधिक ८ जीबी. एका अॅपवर वेगाचा स्कोअर काढला, तो आधीच्या जवळजवळ दुप्पट. इतक्यात मागून गर्दीचा धक्का बसला आणि केबल सुटली. पंखा थांबला, निळा दिवा विझला. पानावर मात्र ४ अधिक ८ तसंच! मी ते पाहिलं, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पेटी सुटली तर पेटीतली रॅम टॅबमध्ये कशी राहील? हा प्रश्न तोंडापर्यंत आला. तो म्हणाला, "ड्रायव्हर एकदा आत बसला की आकडा राहतो, दादा." आणि मी मान हलवली. पाठीमागे लोक उभे होते, त्यांच्यासमोर बावळट प्रश्न नको म्हणून गप्प बसलो. तो प्रश्न विचारला असता तर १४,८०० रुपये वाचले असते.

तो आकडा कुठून आला ते नंतर भाच्याने दाखवलं. बऱ्याच अँड्रॉइड टॅबमध्ये स्टोरेजचा थोडा भाग रॅमसारखा वापरायची सोय असते. सेटिंगमध्ये एक बटण, फुकट. स्टोरेज रॅमपेक्षा पुष्कळ हळू चालतं, त्यामुळे जड कामाला तिचा फारसा उपयोग नाही. त्या तीन मिनिटांत त्याने ते बटण चालू केलं होतं. स्कोअरचं अॅप प्ले स्टोअरचं नव्हतंच, त्याने आपल्या पेनड्राइव्हवरून टाकलेलं. याच टॅबवर माझं यूपीआय आहे. कळल्यावर हातपाय गार पडले. तुमचा टॅब असा कुणाच्या हातात गेला असेल तर आज रात्रीच फॅक्टरी रीसेट करा, पिन आणि पासवर्ड बदला.

घरी येऊन दोन तास चाळीस मिनिटांचं नाटक लावलं. अॅप पूर्वी जिथे बंद पडायचं तिथेच पडलं. फोन केला तर "अपडेट येईल." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून फोन बंद. प्रदर्शन तर रविवारी रात्रीच उठलं होतं.

मोबाइल दुरुस्तीवाल्याने माझ्यासमोर पेटी उघडली. आत बोटाएवढं यूएसबी हबचं, म्हणजे एका पोर्टाची अनेक पोर्टं करणारं, सर्किट, पंखा, दिव्यांची पट्टी, आणि वजन वाटावं म्हणून टेपने चिकटवलेली लोखंडी पट्टी. असा हब सहा-सातशेला मिळतो, तो म्हणाला.

खऱ्या डॉकने काय होतं? टॅब चार्ज होतो, कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह, लॅनची वायर जोडता येते. टाइप-सीमधून चित्र बाहेर काढायची सोय टॅबमध्ये असेल तर मोठा मॉनिटरही लागतो. काम सोयीचं होतं, पण प्रोसेसर आणि रॅम टॅबच्या आत आहेत तेवढेच राहतात. रॅम प्रोसेसरशी सेकंदाला कित्येक गिगाबाइट वेगाने बोलते. या पेटीतला हब यूएसबी २.० चा, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट, जेमतेम ६० मेगाबाइट. तिथून रॅम कशी पुरवणार?

मग पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी दीड तास बाकावर. हवालदाराने पेटी उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "तुमीच दिले न्हय पयशे? वस्त मेळ्ळ्या, मागीर चोरी खंयची?" (पैसे तुम्हीच दिले ना? वस्तू मिळाली, मग चोरी कुठली?) चोरी म्हणत नाही हो, फसवणूक म्हणतो! जुनं ४२० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, हे मी त्यांना सांगायचं? शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला. पोच मागितली तर "उद्या या." उद्या गेलो तर हे सायबरचं काम, तिकडे जा. तिकडे म्हणाले, माल समोरासमोर घेतलात, हे ठाण्याचं काम. बँकेत विचारलं, तर पिन तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्या मर्जीने झाला. हॉलवाल्यांकडे स्टॉल घेणाऱ्याचा पत्ता नाही, भाडं मात्र रोख घेतलेलं. पेट्रोल, झेरॉक्स, बुडालेला धंदा कोण भरून देणार? प्रत्येक टेबलावर मला असं वागवलं की जणू गुन्हा मीच केला. पंचावन्नाव्या वर्षी पोराच्या वयाच्या माणसाकडून "इतकं कळलं नाही का?" ऐकून घ्यावं लागलं.

पावती नीट बघा. माझ्या पावतीवरचा जीएसटी नंबर १४ अक्षरांचा निघाला. खरा १५ चा असतो आणि गोव्यातल्या नोंदणीचा ३० ने सुरू होतो. रोखीची सूट म्हणजे पुरावा पुसण्याची किंमत. यूपीआयचे ३,००० गेले तेवढीच खरी लेखी खूण माझ्याकडे उरली. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा, माझ्यासारखे तीन आठवडे लाजत बसू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. मी कागद जमवतोय: पावती, उघडलेल्या पेटीचे फोटो, त्याच्या नंबराचे स्क्रीनशॉट. डेमो बघताना केबल स्वतः उपटा. टॅब हातातून सोडू नका.

मंडळाचे ५,००० मी "सामान घ्यायचं आहे" म्हणून खजिनदार भाऊंकडून उचल म्हणून घेतले होते. कशात गेले ते अजून कुणाला बोललो नव्हतो, आज इथे लिहितोय. भाऊ, तुम्ही वाचत असाल तर रविवारच्या तालमीला येताना २,००० घेऊन येतो, बाकीचे ३,००० देवळातल्या कालोत्सवाआधी. आणि यंदाच्या नाटकाचं शूटिंग मी फुकट करून देईन, एडिटिंग भाच्याच्या कॉम्प्युटरवर.